वेल्सच्या किनाऱ्यावरची खेडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गावांबद्दल मराठी मंडळींकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे तीन प्रकारचे असतात. कुणी हॅवरफर्डवेस्ट, ॲबरिस्टविथ किंवा बँगरच्या रुग्णालयात रुजू व्हायला निघालेले असतात, कुणी कार्डिफ-स्वॉन्झीला शिकत असतात, आणि कुणाचे आई-बाबा उन्हाळ्यात भारतातून यायचे असतात. प्रश्न सोप्यापासून अडचणीच्या बाबींकडे जातात. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथे तसं सांगितलं आहे.

वेल्सचा किनारा एवढा मोठा आहे. पहिल्यांदा कुठे जावं?

वेल्सला तिन्ही बाजूंनी पाणी आहे. सगळ्या किनाऱ्याला लागून जाणारी पायवाट २०१२ च्या मे महिन्यात खुली झाली आणि तिची लांबी ८७० मैल, म्हणजे सुमारे १,४०० किलोमीटर आहे. एका फेरीत सगळं बघण्याचा हट्ट धरू नका.

पहिल्यांदा येणाऱ्यांना मी नैर्ऋत्य टोकाच्या पेम्ब्रोकशायर परगण्याचा उत्तर भाग सुचवेन. सेंट डेव्हिड्सला मुक्काम करा. वस्ती दोन हजारांच्या आत असूनही कॅथीड्रलमुळे त्याला शहराचा दर्जा आहे. तिथून सोल्वा, अबेराइदी, पोर्थगाइन ही गावं जवळ पडतात. पोर्थगाइनच्या इवल्याशा बंदरावर विटांच्या प्रचंड भिंती उभ्या आहेत. फोडलेली खडी जहाजात भरण्याआधी साठवायची ती कोठारं. १९३१ मध्ये हा धंदा बंद पडला. अबेराइदीचं निळं-हिरवं डबकंही मुळात पाटीच्या दगडाची खाण होती, नंतर समुद्र आत घेतला गेला. इथली शांत दिसणारी बरीचशी गावं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी धूळ, धूर आणि जहाजांनी गजबजलेली होती. ते डोक्यात ठेवून फिरलं की पडक्या भिंती बोलायला लागतात.

दुसऱ्या खेपेला त्याच्या उत्तरेचा केरेडिगियॉन परगणा घ्या: मुंटचं टेकडीखालचं पांढरं चर्च, त्रेसाइथ, लांग्रानॉग, रंगीत घरांचं अबेराइरॉन. तिसऱ्या खेपेला वायव्येकडचं लीन द्वीपकल्प आणि त्याच्या टोकाचं अबेरडारॉन. तिथे पोचायला वेळ लागतो, पण वेल्श भाषेचं गाव कसं असतं ते तिथे कळतं.

कोणत्या महिन्यात यावं?

मे आणि जून. दिवस मोठे असतात (जूनच्या शेवटी साडेनऊनंतरही उजेड असतो), पाऊस वर्षातल्या इतर दिवसांपेक्षा कमी, कड्यांवर रानफुलं आणि शाळांच्या मोठ्या सुट्ट्या अजून लागलेल्या नसतात. ऑगस्टमध्ये पार्किंग मिळत नाही आणि मुक्कामाचे दर चढतात. समुद्राचं पाणी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जरा कोमट होतं, तेही १६-१७ अंशांच्या आसपास.

राहायला यायचा विचार असेल तर एकदा जानेवारीत येऊन जा. चार-सव्वाचारला सूर्य मावळतो, अर्धी घरं अंधारात असतात, कॅफे बंद असतात. हे बघूनही गाव आवडलं तर ते खरं आवडलं.

गाडी नसेल तर जमेल का?

फिरायला जमेल, राहायला कठीण.

रेल्वे दोन बाजूंनी येते. दक्षिणेकडून स्वॉन्झी-कारमार्थनमार्गे हॅवरफर्डवेस्ट आणि फिशगार्डला, आणि मध्य इंग्लंडातून बर्मिंगहॅममार्गे ॲबरिस्टविथला. डवी जंक्शनपासून एक फाटा किनाऱ्याला चिकटून पुल्हेलीपर्यंत जातो. खिडकीतून एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र दिसत राहतो, त्यामुळे हा प्रवास स्वतंत्र सहल म्हणून करावा असा आहे. या मार्गावरची बरीच छोटी स्थानकं 'विनंती थांबे' आहेत. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं आणि चढायचं असेल तर फलाटावर उभं राहून हात दाखवायचा. हात दाखवला नाही तर गाडी निघून जाते.

ॲबरिस्टविथ ते हॅवरफर्डवेस्ट या दोन्ही टोकांना जोडणारी टी-५ बस किनाऱ्यावरच्या गावांचा कणा आहे. पेम्ब्रोकशायरच्या पायवाटेवर छोट्या किनारी बस धावतात, आणि काही भागांत 'फ्लेक्सी' नावाची बस ॲपवर किंवा फोनवर बोलावता येते. रविवारी आणि हिवाळ्यात सगळंच विरळ होतं. परतीची शेवटची बस किती वाजता, हे निघण्याआधी बघा.

न्यूपोर्टचं तिकीट काढलं तर चालेल का?

थांबा! न्यूपोर्ट दोन आहेत. रेल्वे तिकिटावर येतं ते कार्डिफजवळचं मोठं शहर. किनाऱ्यावरचं छोटं न्यूपोर्ट, वेल्शमध्ये त्रेव्हड्राइथ, पेम्ब्रोकशायरमध्ये आहे. दोघांमध्ये शंभर मैलांहून जास्त अंतर आहे. या छोट्या न्यूपोर्टला रेल्वे नाही, फिशगार्डला उतरून बस घ्यावी लागते. तसंच केरेडिगियॉनमधलं न्यू की वेगळं आणि इंग्लंडात कॉर्नवॉलमधलं न्यूकी वेगळं. मुक्कामाची जागा नोंदवताना पिनकोड तपासा, नाव नको.

भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येईल का? गल्ल्या फार अरुंद आहेत असं ऐकलंय.

पाहुणे म्हणून आलात तर चालवता येईल. इथे स्थायिक झालात तर आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्स चालतं. ते थेट बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि परीक्षेच्या तारखा लांबच्या मिळतात, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांतच सुरुवात करा.

सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी २० मैल आहे. काही रस्ते नंतर पुन्हा ३० वर गेले, त्यामुळे पाटी वाचा. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'आराव' रंगवलेलं दिसेल, ती हळू जाण्याची सूचना आहे.

गावाबाहेरच्या वाटा दोन्ही बाजूंना माती-दगडाचे उंच बांध आणि मधोमध एकच गाडी, अशा असतात. समोरून कुणी आलं तर ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे घ्यायचं. ट्रॅक्टर किंवा दुधाचा टँकर असेल तर वाद न घालता तुम्हीच मागे घ्या. रिव्हर्सचा सराव नसेल तर मोकळ्या मैदानात करून या. वाट दिल्यावर हात वर करून आभार मानायची इथे पक्की रीत आहे. ती चुकवली की लोकांच्या लक्षात राहतं.

आई-बाबांना किनाऱ्याची पायवाट झेपेल का?

सगळी नाही. पेम्ब्रोकशायरची पायवाट, १९७० साली खुली झालेली, १८६ मैलांची आहे आणि तिचे चढ-उतार मिळून ३५ हजार फुटांच्या घरात जातात. दर खाडीला खाली उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हे उतार त्रासाचे आहेत, आणि कड्याच्या कडेला बहुतेक ठिकाणी कठडा नाही.

पण त्यांच्यासाठी जागा भरपूर आहेत. सेंट डेव्हिड्सजवळ सेंट नॉनचं पडकं देऊळवजा चॅपेल आणि विहीर आहे. संत डेव्हिडचा जन्म तिथला मानतात, आणि गाडीरस्ता जवळपर्यंत जातो. बॉशर्स्टनची कमळतळी जूनमध्ये फुलतात. अबेराइरॉनला बंदराभोवती सपाट फेरी मारता येते. पेम्ब्रोकशायरच्या काही किनाऱ्यांवर वाळूत चालणारी व्हीलचेअर आगाऊ नोंदवून मिळते, हे फार कमी जणांना माहीत असतं.

नकाशा हवाच. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचे २५ हजारास एक प्रमाणाचे नकाशे घ्या, उत्तर पेम्ब्रोकशायरसाठी ओएल ३५ आणि दक्षिणेसाठी ओएल ३६. फोनला कड्याखाली सिग्नल नसतो. आणि दक्षिणेला कॅसलमार्टिनपाशी लष्कराचा सराव चालू असला की लाल निशाण लावून वाट बंद करतात. तिथे निशाण बघून मागे फिरायचं.

भरती-ओहोटीची एवढी भीती का घालतात? आम्ही कोकणातले आहोत.

कोकणातले असाल तर अर्धं काम झालेलं आहे. भरती, ओहोटी, उधाण (मोठी भरती), भांग (छोटी भरती) हे तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. तरी दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांनीच घात होतो.

पहिली म्हणजे पाण्याची उंची. दक्षिण वेल्सजवळच्या ब्रिस्टल खाडीतली भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक आहे. सेव्हर्न नदीच्या मुखाशी उधाणाला पाणी १४ मीटरच्या आसपास चढतं. पश्चिमेला कार्डिगन उपसागरात हा फरक बराच कमी, चार-पाच मीटरचा, पण किनारा सपाट असेल तर तेवढ्यातही पाणी अर्धा मैल आत येतं. खडकाच्या टोकाला वळसा घालून शेजारच्या छोट्या पुळणीवर गेलात आणि पाणी वळलं, तर मागची वाट आधी बंद होते आणि समोर कडा असतो. इथे बहुतेक सुटका-मोहिमा याच प्रकारच्या प्रसंगांत निघतात.

दुसरी गोष्ट वेळेची. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आपल्याकडचा हिशेब इथे लागू नाही. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेची भरती बाराच्या सुमारास येते. पेम्ब्रोकशायरच्या मिलफर्ड हेवनला त्याच तिथीला ती सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी भर दुपारी. उत्तरेकडे जाल तशी वेळ आणखी बदलते. तेव्हा त्या त्या बंदराचं कोष्टक बघायचं. गावातल्या दुकानात ते छोट्या पुस्तिकेच्या रूपात मिळतं. कोष्टक ग्रीनिच वेळेत छापलेलं असेल तर उन्हाळ्यात एक तास मिळवायचा. हा एक तास विसरल्यामुळे लोक अडकतात.

कालनिर्णयाचा उपयोग मात्र आहे. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण आणि अष्टमीच्या पुढेमागे भांग, हे तिथेही तसंच आणि इथेही तसंच. उधाणाची दुपारची ओहोटी असेल तो दिवस पुळणी, गुहा आणि खडकातली डबकी बघायला सर्वांत चांगला. ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी दोन तास उतरायचं आणि पाणी वळताच परत फिरायचं. स्वॉन्झीजवळच्या गॉवर द्वीपकल्पाच्या टोकाला वर्म्स हेड नावाचा खडकाळ सुळका आहे, तिथे जायची वाट ओहोटीच्या आधी आणि नंतर अडीच-अडीच तासच उघडी असते. अडकलात तर पोहत यायचा प्रयत्न करू नका, पुढच्या ओहोटीपर्यंत थांबा आणि ९९९ वर फोन करून 'कोस्टगार्ड' मागा. येणारी जीवरक्षक नौका बहुधा आरएनएलआयची असेल. ही १८२४ पासूनची धर्मादाय संस्था, आणि नौकेवरचे बहुतेक लोक आपापला कामधंदा सोडून धावत आलेले स्वयंसेवक असतात.

समुद्रात पोहणं सुरक्षित आहे का?

जीवरक्षक असतील त्या किनाऱ्यावर, लाल-पिवळ्या निशाणांच्या मधे. जीवरक्षक सगळीकडे आणि बाराही महिने नसतात. पाणी गार असतं, अंगाला सवय होईपर्यंत श्वास भराभर चालतो, म्हणून उडी मारून आत शिरू नका. ओहोटीला उथळ पाण्यात वाळूत लपलेला वीव्हर नावाचा छोटा मासा काटा मारतो. खूप आग होते. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवला की उतरते. पायात रबरी चपला घातल्या तर प्रश्नच येत नाही.

बोर्थचं बुडालेलं जंगल कधी दिसतं?

उधाणाच्या ओहोटीला, आणि त्यातही हिवाळी वादळांनी वाळू ओढून नेली असेल तर जास्त चांगलं. बोर्थ आणि अनिसलासच्या पुळणीवर ओक, पाइन, बर्च, आल्डर या झाडांचे बुंधे मुळांसकट उभे दिसतात. ती झाडं साडेचार ते सहा हजार वर्षांपूर्वीची आहेत. समुद्र चढला, जमीन दलदलीची झाली, झाडं मेली आणि चिखल-मातीत जपली गेली. याच उपसागराखाली कांत्रेर ग्वाइलोद नावाचं समृद्ध राज्य बुडालं आणि समुद्र अडवणारे दरवाजे सांभाळणारा माणूस दारूच्या नशेत ते बंद करायला विसरला, अशी जुनी वेल्श कथा आहे. बुंध्यांवर चढू नका, तुकडे उचलू नका. वेळ कशी काढायची ते वरच्या भरतीच्या उत्तरात आहे.

डॉल्फिन आणि पफिन नक्की दिसतील का?

डॉल्फिन न्यू कीच्या बंदराच्या धक्क्यावरून, बोटीत न बसताही, उन्हाळ्यात बऱ्याचदा दिसतात. पाणी शांत असलेला दिवस निवडा आणि तासभर थांबायची तयारी ठेवा. पफिन हे समुद्रपक्षी एप्रिल ते जुलै या काळात पेम्ब्रोकशायरजवळच्या स्कोमर बेटावर असतात, अलीकडच्या मोजणीत तिथे ४० हजारांहून जास्त नोंदवले गेले. ऑगस्ट लागला की ते समुद्रावर निघून जातात. दरवर्षी कुणीतरी मुलांना ऑगस्टमध्ये पफिन दाखवायला आणतं आणि मुलं हिरमुसतात. बेटावर उतरायची तिकिटं मर्यादित असतात, आधी काढा.

सीलची पिल्लं साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये खडकाळ पुळणींवर दिसतात. पांढऱ्या लोकरीचं पिल्लू एकटं पडलेलं दिसलं तरी त्याला हात लावू नका, पाण्याकडे ढकलू नका. आई जवळच पाण्यात असते. माणूस जवळ गेला तर ती परत येत नाही.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही. वेल्श रेअरबिट म्हणजे भाजलेल्या पावावर वितळलेलं मसालेदार चीज, पण त्यात बहुधा बिअर असते. ग्लॅमॉर्गन सॉसेजमध्ये नाव तसं असलं तरी चीज, लीक (कांदापातीसारखी भाजी) आणि पावाचा चुरा असतो. लेव्हरब्रेड हे शिजवलेलं समुद्रशेवाळ, पण अनेकदा बेकनबरोबर वाढतात. वेल्श केक तव्यावर भाजतात आणि काही घरी त्यात डुकराची चरबी घालतात, म्हणून विचारून घ्या. विचारल्याचा कुणाला राग येत नाही. मासे खाणाऱ्यांनी कार्डिगन उपसागरातला खेकडा आणि लॉब्स्टर चुकवू नये.

डाळी, पीठ, मसाले स्वॉन्झी किंवा कार्डिफला गेलं की महिन्याचे आणून ठेवायचे. गावातल्या दुकानात हळद मिळेल, तुरीची डाळ नाही.

भाड्याने घर कसं मिळतं?

अवघड आहे. किनाऱ्यावरची बरीच घरं सुट्टीकरांना आठवड्याच्या हिशेबाने दिली जातात, त्यामुळे वर्षभराच्या भाड्याला थोडी उरतात. एक सापळा ओळखा: ऑक्टोबर ते ईस्टर स्वस्तात मिळणारं सुसज्ज घर. ते 'विंटर लेट' असतं आणि ईस्टरला रिकामं करावं लागतं. काहींना तेवढंच हवं असतं, पण मुलांना शाळेत घातलं असेल तर अंगाशी येतं.

वेल्सचा भाडे कायदा इंग्लंडपेक्षा वेगळा आहे आणि डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. मालकाची नोंदणी 'रेंट स्मार्ट वेल्स'कडे असावी लागते, ती तुम्ही ऑनलाइन तपासू शकता. राहायला आल्यापासून १४ दिवसांत लेखी करार मिळायला हवा आणि अनामत ३० दिवसांत अधिकृत योजनेत जमा व्हायला हवी. नेहमीच्या करारात तुमची काही चूक नसताना घर रिकामं करायला सांगायचं तर सहा महिन्यांची नोटीस लागते, आणि तीही पहिल्या सहा महिन्यांत देता येत नाही. इंग्लंडात भाडेकरूचा व्हिसा तपासण्याची जी सक्ती आहे ती वेल्समध्ये नाही.

जाहिरातींवर विसंबू नका. रुग्णालयात नोकरी असेल तर तिथल्या लोकांना विचारा. गावातल्या दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावा. घरं तोंडी बोलण्यातूनच जास्त मिळतात.

हिवाळ्यात घर गरम कसं ठेवायचं?

बहुतेक खेड्यांत गॅसची पाइपलाइन नाही. अंगणातल्या टाकीत केरोसीनसारखं तेल भरून त्यावर बॉयलर चालतो. एका वेळी साधारण ५०० लिटर तरी मागवावं लागतं, म्हणजे एकदम मोठी रक्कम जाते. सप्टेंबरमध्ये भरून ठेवा आणि शेजाऱ्यांबरोबर मिळून मागवलं तर स्वस्त पडतं का विचारा. घर बघायला जाल तेव्हा टाकीचं वय, भिंतीतली ओल, खिडक्यांच्या चौकटी आणि सांडपाण्याची टाकी आहे का, हे बघा. दगडी भिंतींच्या घरात आत वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत, बुरशी धरते. हवेतली ओल शोषणारं यंत्र पहिल्याच महिन्यात घ्या.

वादळात वीज जाते. ७ डिसेंबर २०२४ च्या 'डाराग' वादळात पश्चिम वेल्सला वाऱ्याचा लाल इशारा होता आणि काही घरांत कित्येक दिवस वीज नव्हती. बॅटरी, गॅसची छोटी शेगडी, चार्ज केलेली पॉवरबँक घरात असू द्या. वीज गेली की १०५ वर फोन करायचा.

दवाखाना किती लांब?

गावानुसार. मोठी रुग्णालयं ॲबरिस्टविथ, हॅवरफर्डवेस्ट, कारमार्थन आणि बँगरला आहेत. गावातून तासभर लागू शकतो, आणि विशिष्ट उपचारांसाठी स्वॉन्झी किंवा कार्डिफला जावं लागतं. आल्याबरोबर जीपीकडे, म्हणजे गावच्या डॉक्टरांकडे, नाव नोंदवा. दंतवैद्यासाठी एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, बराच काळ थांबावं लागतं, भारतातून येताना दातांची कामं उरकून या.

वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मोफत आहेत. किरकोळ दुखण्यांना फार्मसीतच सल्ला आणि औषध मिळतं. कामाच्या बऱ्याच व्हिसांवर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो, आरोग्यसेवेतल्या व्हिसावर तो माफ असतो. पाहुणे म्हणून येणाऱ्या आई-बाबांना मात्र रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर बिल येतं. त्यांचा विमा काढल्याशिवाय बोलावू नका.

मुलांची शाळा वेल्शमध्ये असेल का? ती मागे तर पडणार नाहीत?

वायव्येकडच्या ग्विनेद परगण्यात प्राथमिक शिक्षण वेल्शमधून चालतं. केरेडिगियॉनमध्येही खेड्यांतल्या बऱ्याच शाळा वेल्श माध्यमाच्या आहेत. पेम्ब्रोकशायरमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही १६ वर्षांपर्यंत वेल्श शिकावी लागतेच.

मागे पडत नाहीत. आपली मुलं घरी मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी अशी वाढलेली असतात. चौथी भाषा त्यांना ओझं वाटत नाही, आई-बाबांनाच वाटतं. लहान मुलं पहिल्या वर्षात बोलू लागतात. उशिरा आलेल्या मोठ्या मुलांसाठी ग्विनेद आणि अँगल्सीमध्ये खास भाषाकेंद्रं आहेत, तिथे काही आठवडे फक्त वेल्शमध्ये बुडवून मग शाळेत पाठवतात. अभ्यासात मदत कशी करणार, ही चिंता असेल तर शाळेशी बोला. घरी इंग्रजी किंवा तिसरीच भाषा बोलणारी मुलं त्यांच्याकडे पुष्कळ असतात.

आम्हालाही वेल्श शिकावी लागेल का? गाव आपलं मानेल का?

सक्ती नाही. सगळे इंग्रजी बोलतात. तरी माझं मत स्पष्ट आहे: शिकायला लागा, पहिल्या महिन्यापासून.

२०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजारांनी, आपल्याला वेल्श बोलता येतं असं सांगितलं. पण ग्विनेदमध्ये हे प्रमाण ६४.४ टक्के आणि केरेडिगियॉनमध्ये ४५.३ टक्के आहे. किनाऱ्यावरच्या खेड्यात दुकानात, शाळेच्या फाटकाशी, चॅपेलमध्ये हीच भाषा चालते. बाहेरचा माणूस आला की सगळे सौजन्याने इंग्रजीकडे वळतात. ते वळावं लागू नये, एवढं तुम्ही केलंत तर त्यांना फार बरं वाटतं. आपली भाषा शाळांतून आणि घरांतून जाते की काय, या काळजीत आपणही असतो. ती काळजी इथे दर गावात आहे.

अक्षरांची सोय आपल्याला आहे. दोन डी म्हणजे मऊ 'द', एक एफ म्हणजे 'व', डब्ल्यू बऱ्याचदा 'उ', यू म्हणजे जवळपास 'ई'. फक्त दोन एल कठीण: जीभ 'ल'च्या जागी ठेवून बाजूने हवा सोडायची. सुरुवातीला 'बोरे दा' आणि 'दिओल्ख' एवढं पुरे. लीनवर नान्त ग्वर्थेर्न नावाचं ओसाड पडलेलं खाणकामगारांचं गाव १९७८ मध्ये एका न्यासाने विकत घेतलं आणि तिथे आता निवासी वेल्श वर्ग चालतात. समुद्राकाठी, डोंगराच्या कुशीत, आठवडाभर. जमलं तर जाच.

गाव आपलं मानतं ते तुम्ही उपयोगी पडलात की. लीन भागात लोकांनी एकत्र येऊन गाव जगवण्याची जुनी परंपरा आहे. थ्लानाइलहाइर्नची ग्रामसहकारी संस्था १९७४ ची आहे आणि शेजारच्या लिथ्फाइनचा पब १९८८ पासून गावकऱ्यांच्या मालकीचा आहे. दुकान चालवायला, किनारा झाडायला, कार्निव्हलचं मांडव-काम करायला हात हवेच असतात. जाऊन उभे राहा. आइस्टेडवॉडला, म्हणजे काव्य-गायनाच्या स्पर्धा-उत्सवाला, जरूर जा. ही परंपरा ११७६ ची सांगतात, कार्डिगनच्या किल्ल्यात भरलेल्या मेळाव्यापासूनची. गावच्या छोट्या आइस्टेडवॉडमध्ये शाळकरी पोरं कविता म्हणताना ऐकली की आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धा आठवतात.

सुट्टीसाठी इथे घर विकत घेऊन ठेवावं का?

कायदा आडवा येत नाही, पण खर्च आणि परिणाम दोन्ही बघा. एप्रिल २०२३ पासून वेल्समधल्या कौन्सिलांना (स्थानिक पालिकांना) दुसऱ्या घरावर नेहमीच्या कौन्सिल टॅक्सच्या (घरपट्टीच्या) वर ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. प्रत्येक कौन्सिलचा दर वेगळा आहे आणि बदलत राहतो. पर्यटकांना देऊन तो टाळायचा विचार असेल, तर घर व्यवसाय म्हणून धरलं जाण्यासाठी वर्षात १८२ दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेलं असण्याची अट आली आहे. खरेदीच्या वेळचा जमीन-व्यवहार करही दुसऱ्या घराला जास्त आहे.

माझं मत विचाराल तर घेऊ नका. गावातली रिकामी घरं म्हणजे बंद होणारी शाळा, बंद होणारी बस आणि जीवरक्षक नौकेवर जायला उरलेली कमी माणसं. इथल्या तरुणांना आपल्याच गावात घर परवडत नाही. वर्षभर राहणार असाल तर जरूर घ्या, गावाला तुमची गरज आहे.

समुद्र वाढतोय म्हणतात. घर घेताना काय बघावं?

हा प्रश्न गंभीर आहे. ग्विनेदमधल्या फेअरबोर्न गावाबद्दल किनारा-संरक्षण आराखड्यात असं धोरण मांडलं गेलं की बंधारे साधारण २०५४ पर्यंतच सांभाळले जातील. गाव तिथेच आहे, लोक राहतात, पण ही बातमी आल्यावर घरांच्या किमती आणि कर्ज मिळणं यावर लगेच परिणाम झाला. पेम्ब्रोकशायरमध्ये न्यूगेलच्या गोट्यांच्या बांधामागून जाणारा मुख्य रस्ता आत हलवण्याची योजना आहे.

पिनकोड घालून 'नॅचरल रिसोर्सेस वेल्स'चा पूर-नकाशा बघा, त्या किनाऱ्याचा संरक्षण आराखडा वाचा, आणि विमा कंपनीकडून दर आधी लेखी घ्या. सौदा त्यानंतर. भरतीच्या रेषेपासून थोडं वर, चर्चच्या आसपासची जुनी वस्ती बहुधा सुरक्षित जागी असते. समुद्रकाठची रांग नंतरची.

पोर्टमेरियन हे खरं गाव आहे का?

नाही. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदाने १९२५ ते १९७५ या काळात स्वतःच्या कल्पनेने उभारलेली इटालियन धाटणीची वस्ती आहे. आत जायला तिकीट लागतं. सुंदर आहे, बघा, पण त्यावरून वेल्श खेड्याचा अंदाज बांधू नका.

किनाऱ्यावर तंबू ठोकला किंवा गाडीतच झोपलो तर?

जमीन-मालकाच्या परवानगीशिवाय नाही. मोकळ्या जागी तंबू ठोकू देणारा स्कॉटलंडचा नियम इथे नाही. पायवाटेवर चालण्याचा हक्क आहे, शेजारच्या शेतात मुक्कामाचा नाही. किनाऱ्यावरच्या बऱ्याच पार्किंगमध्ये रात्री थांबायला बंदी असते. शेतकऱ्याचं दार वाजवून विचारलं तर पुष्कळदा थोड्या पैशात जागा मिळते. फाटक जसं असेल तसंच ठेवा, आणि कुत्रा असेल तर मेंढ्यांजवळ दोरीनेच.

गणपतीचं विसर्जन समुद्रात करता येईल का? आणि अस्थी?

मूर्ती शाडूची, रंग न दिलेली आणि छोटी असेल तर घरी बादलीत विसर्जन करून ती माती बागेत घालणं सगळ्यांत चांगलं. समुद्रातच करायचं असेल तर किनारा कुणाच्या ताब्यात आहे, कौन्सिल की नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था, ते शोधून आधी विचारा. कार्डिगन उपसागराचा मोठा भाग संरक्षित सागरी क्षेत्र आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस, थर्माकोल, हार-निर्माल्य, प्लास्टिक काहीही पाण्यात जाता कामा नये. भरती नुकतीच वळलेली असताना, दोघं-तिघंच पाण्यात, तेही घोट्यापर्यंत. सप्टेंबरच्या लाटा गणपतीच्या दिवसांत जोरात असतात.

अस्थींसाठी कार्डिफला टाफ नदीवर लँडाफच्या रोइंग क्लबपाशी २०२१ पासून खास घाट आहे, तिथे आधी वेळ ठरवून विधी करता येतो. पश्चिमेकडे राहणाऱ्यांना देवदर्शनासाठी कारमार्थनशायरमधलं स्कंद वेल जवळचं. १९७३ साली स्थापन झालेल्या या आश्रमात रोज पूजा होते आणि येणाऱ्याला जेवूनच पाठवतात. निघण्याआधी त्यांचे मांसाहाराबद्दलचे नियम वाचून घ्या, ते कडक आहेत. शेवटचे काही मैल अरुंद वाटेचे आहेत, त्यासाठी वरचं गाडीचं उत्तर बघा.